‘तिची काही काळजीच नाही’: ऑटिझम असलेल्या मुलाच्या बहिणीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. तो अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. अजून मोजकेच शब्द बोलतो, गोंगाट वाढला की कान झाकून किंचाळतो, कधीकधी बहिणीला ओरबाडतो, चावतो. मुलीची मात्र आजवर एकही तक्रार नाही. ‘ती इतकी समजूतदार आहे की तिची काही काळजीच नाही,’ असं आईने लिहिलं आहे. गेल्या आठवड्यात शाळेत ‘माझे कुटुंब’ या विषयावर लिहायला सांगितलं, तर तिने लिहिलं, ‘मी एकुलती एक आहे.’ बाईंचा फोन आला. घरी विचारल्यावर मुलगी रडली आणि म्हणाली, ‘चुकलं, परत नाही लिहिणार.’ आईबाबा विचारतात: तिला भावाची लाज वाटते का? आमचं सांगण्यात काही राहून गेलं का? तिला समुपदेशकाकडे न्यायला हवं का?

आधी त्या ओळीविषयी. ती खरी नव्हती, पण त्यात शिक्षा करण्याजोगं काही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला थोडा वेळ कुणाचीच ताई नसावं असं वाटलं आणि तिने ते कागदावर करून पाहिलं. लाजेचा भाग त्यात असेलही. या वयात चारचौघांत वेगळं दिसण्याचं भय मोठं असतं आणि ते सगळ्याच मुलांना असतं. मला त्या ओळीपेक्षा तिचं नंतरचं बोलणं खटकलं. तुमच्या पत्रावरून दिसतं की तिला कुणी रागावलं नव्हतं, तुम्ही फक्त विचारलं होतं. तरी ती लगेच माफी मागून मोकळी झाली. आईबाबांना आणखी त्रास होईल असं काही करायचं नाही, हा नियम तिने स्वतःच स्वतःला घालून घेतलेला दिसतो.

तेव्हा तो निबंध पुन्हा लिहून घेऊ नका. बाईंना सांगा, विषय आमच्यापर्यंत पोचला आहे, वर्गात तो काढू नका. आणि मुलीला एकदा, काम करता करता, तिच्या डोळ्यांत न बघता म्हणा: ‘तुला कधीकधी एकटीच असावंसं वाटत असेल. मला समजतं ते. त्याचा मला राग नाही आला.’ पुढे गप्प बसा. ती काही बोलली नाही तरी चालेल.

ज्या मुलाविषयी ‘काळजीच नाही’ असं पालक सांगतात, त्याला मी आधी भेटते. याचं कारण साधं आहे. ज्या घरात एका मुलाच्या गरजा मोठ्या आवाजात येतात, तिथे दुसरं मूल आपल्या गरजांचा आवाज कमी करतं. त्याला कुणी तसं शिकवत नाही. आई थकली आहे, बाबा फोनवर थेरपीच्या वेळा ठरवत आहेत, रात्री दोघांचं हळू आवाजात भांडण चाललं आहे, हे सगळं मूल बघत असतं. मग ते स्वतःचं स्वतः आवरतं, गृहपाठ करतं, पोटात दुखलं तरी सांगत नाही. त्यावर त्याला शाबासकी मिळते, आणि त्या शाबासकीने पुढची तक्रार अजून अवघड होते. ‘तू आहेस म्हणून बरं’ हे वाक्य मोठ्या माणसाला गोड वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून कळतं ते असं, की मी कोसळले तर हे घर कोसळेल.

याचा अर्थ तिचं बालपण बिघडलं, असा मुळीच घेऊ नका. ऑटिझम असलेल्या मुलांच्या भावंडांवर बरेच अभ्यास झाले आहेत. सगळे मिळून चित्र असं दिसतं की बहुतेक भावंडं व्यवस्थित वाढतात. गट म्हणून पाहिलं तर चिंता, उदासपणा, एकटेपणा यांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा थोडं जास्त आढळतं, पण सरासरी फरक मोठा नसतो. फरक कुठे वाढतो, हे जास्त कामाचं आहे: घरात मारहाण-चावणं वारंवार होत असेल, आईवडील स्वतः पार दमलेले किंवा नैराश्यात असतील, आणि भावंडाला नेमकं काय चाललंय हे कुणी सांगितलेलं नसेल, तिथे. या तिन्ही गोष्टींवर काहीतरी करता येतं.

भावंडांकडे लक्ष जायला फार उशीर झाला, त्यालाही कारणं आहेत. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकशास्त्रापुढे मांडला. त्यानंतरची दोन-तीन दशकं ‘आई थंड, मायाहीन असते म्हणून मूल असं होतं’ ही क्रूर कल्पना प्रचलित होती. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे स्पष्ट होऊ लागलं. तोवर सगळी ऊर्जा आईला दोष देण्यात आणि आईने तो दोष सोसण्यात गेली होती. त्याच घरात दुसरं एखादं मूल वाढत होतं आणि मायेत कसलाच कमीपणा नव्हता, एवढं उघड उत्तर समोर असताना त्या मुलाला कुणी काही विचारलं नाही. खास गरजा असलेल्या मुलांच्या भावंडांसाठी डॉन मेयर यांनी अमेरिकेत सिअॅटलला ‘सिबशॉप’ नावाचे गट सुरू केले ते १९८०च्या दशकात. त्यांची रीत मला आवडते: मुलांना ओळीत बसवून ‘तुला काय वाटतं’ असं विचारायचं नाही. खेळ, दंगा, खाणं, आणि मधूनच एखादा असा प्रश्न की ज्यावर दहा मुलं एकदम म्हणतात, ‘माझा भाऊपण!’

आता तिला काय सांगायचं त्याकडे येते. तुम्ही लिहिलं आहे, ‘तो खास आहे आणि त्याला सांभाळायचं, एवढं आम्ही सांगितलं आहे.’ यात माहिती काहीच नाही, कर्तव्य मात्र आहे. आणि ‘खास’ म्हटलं की दुसऱ्या मुलाच्या मनात सरळ प्रश्न येतो, मग मी साधी का?

माहिती मिळाली नाही तर मुलं ती पोकळी स्वतः भरतात, आणि जे भरतात ते सत्यापेक्षा भयंकर असतं. चार वर्षांच्या मुलाला वाटतं, मी त्याला ढकललं होतं म्हणून तो बोलत नाही. सहाव्या वर्षी वाटतं, हे सर्दीसारखं मलाही लागेल. आठ-नऊच्या आसपास न्यायाचा प्रश्न येतो: त्याने पुस्तक फाडलं तर ‘जाऊ दे’, मी फाडलं तर बोलणी. बारा-तेराला लोकांच्या नजरा असह्य होतात, आणि सोळाच्या पुढे दोन प्रश्न येतात, जे मुलं सहसा मोठ्याने विचारत नाहीत: पुढे त्याचं काय, आणि माझ्या मुलांना हे होईल का. म्हणून एकदा बसवून सगळं सांगितलं आणि झालं, असं होत नाही. त्याच गोष्टी दर दोन वर्षांनी नव्याने सांगाव्या लागतात.

तिच्या वयाला साजेसं सांगणं साधारण असं असावं: ‘त्याला ऑटिझम आहे. म्हणजे त्याचा मेंदू जन्मापासूनच थोड्या वेगळ्या पद्धतीने काम करतो. तुला मिक्सरचा आवाज नुसता मोठा वाटतो, त्याला तो दुखतो, म्हणून तो कान झाकतो. त्याला बरंच समजतं, पण शब्द काढणं जड जातं. त्याला राग आला किंवा भीती वाटली की ते सांगता येत नाही, मग तो चावतो. हे तुझ्यामुळे झालेलं नाही, कुणामुळेच झालेलं नाही. तुला लागणार नाही. तापासारखं उतरणारही नाही, पण तो नवीन गोष्टी शिकत राहील.’ एवढं पुरे. मेंदूची रचना, जनुकं वगैरे तिने विचारलं तर. आणि ‘ऑटिझम’ हा शब्द घरात मोकळेपणाने वापरा. आपण जो शब्द कुजबुजतो तो मुलं लाजिरवाणा समजतात. मुलगा समोर असताना त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलणं मात्र टाळा. कमी बोलणारं मूल कमी ऐकत असतं असं नाही.

भावनांच्या बाबतीत पालक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे घाई. मुलगी म्हणते, ‘मला तो आवडत नाही.’ आई लगेच म्हणते, ‘असं बोलू नये, तो तुझा भाऊ आहे, त्याला कळत नाही.’ संवाद तिथेच संपला. पुढच्या वेळी ती म्हणणार नाही. तिने सांगितलं ते खरं होतं, त्या क्षणापुरतं. दुपारी आवडत नाही आणि रात्री त्याच्या अंगावर चादर घालते, दोन्ही तीच असते. त्या वेळी ‘आज फारच त्रास दिला का त्याने?’ एवढंच विचारा. ‘तो नसताच तर बरं झालं असतं’ हे वाक्यही कधीतरी येईल. भावंडं असलेल्या कुठल्याही घरात ते येतं. फरक एवढाच की इथे ते बोलल्यावर मुलीला स्वतःची घृणा वाटते, कारण तिच्या मते अशा भावाविषयी असं वाटणं हे पाप आहे. ते ऐकून तुमचा चेहरा पडला नाही, तर तिच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरतो. रडायचंच असेल तर ती झोपल्यावर रडा. हे मी कठोरपणे लिहितेय, पण आईचे डोळे भरलेले पाहून जी मुलं बोलायची थांबली, ती पुढे कितीतरी वर्षं बोलत नाहीत.

चावण्या-ओरबाडण्याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं. तुमच्या मुलीसाठी ती एक ओळ नाही. आपल्याच घरात आपल्याला केव्हाही लागू शकतं, हे माहीत असलेलं मूल सतत अर्धं सावध असतं. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, झोपताना. ‘तो मुद्दाम करत नाही’ हे खरं आहे आणि तिला ते पाठही आहे. तिच्या हातावरचे वळ मात्र मुद्दाम केलेले असोत की नसोत, तितकेच दुखतात.

म्हणून असं झालं की मुलाला एकाने बाजूला न्यावं आणि दुसऱ्याने आधी तिच्याकडे जावं. घरात मोठं माणूस एकच असेल तर मुलाला सुरक्षित जागी ठेवून आधी तिच्याकडे. ‘लागलं ना. चूक तुझी नव्हती.’ कारणमीमांसा नंतर. तू त्याचं खेळणं का घेतलंस, तुला माहीत आहे ना त्याला चालत नाही, हा सूर तर बिलकूल नको. दुसरं, तिला आतून बंद करता येईल अशी एखादी जागा द्या. वेगळी खोली नसेल तर त्याच्या हाताला न येणारं एक कुलूपबंद कपाट तरी. तिच्या वस्तू त्याने मोडल्या तर त्या भरून मिळाल्या पाहिजेत, ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देऊ नये. तिसरं, तिच्याशी बोलून एक खूण ठरवा. ती खूण केली की प्रश्न न विचारता तुम्ही येणार. चौथं म्हणजे मुलाच्या चावण्यावर थेरपिस्टबरोबर मुद्दाम काम करा. कधी चावतो, त्याआधी काय घडलेलं असतं, चावल्यावर त्याला काय मिळतं, हे आठवडाभर लिहून ठेवलं तरी बरंच उलगडतं. बोलता न येणाऱ्या मुलाला ‘नको’, ‘थांब’, ‘बस झालं’ हे चित्रकार्डाने किंवा हाताच्या खुणेने सांगता यायला लागलं की चावणं अनेकदा कमी होतं. मुलाच्या थेरपीत हा विषय वरच्या क्रमांकावर ठेवा, बहिणीसाठीही आणि त्याच्यासाठीही.

दोघांसाठी नियम सारखे असू शकत नाहीत, हे तिला सरळ सांगा. ‘हे अन्यायाचं वाटतं आणि थोडंसं आहेही’ असं कबूल केलेलं मुलांना चालतं. त्यांना न चालणारी गोष्ट म्हणजे अन्याय होतोय हेच नाकारणं. आणि त्याला जमेल तेवढी शिस्त त्यालाही लावा. आपला खाऊचा डबा परत जागेवर ठेवणं, बहिणीच्या कपाटाला हात न लावणं, अशा दोन-तीन गोष्टींवर ठाम राहिलात तर तिला दिसतं की नियम फक्त माझ्यासाठी नाहीत.

मदत किती घ्यायची? घरातल्या कुठल्याही मोठ्या बहिणीकडून आपण जेवढी घेतो तेवढी जरूर घ्या. पाणी आणून दे, पाच मिनिटं त्याच्याजवळ बस, हे चालतं. त्यातून मुलं शिकतात, त्यांना बरंही वाटतं. पण त्याचा आक्रोश शांत करणं, त्याला औषध देणं, बाहेरच्या लोकांना त्याच्या वागण्याचं स्पष्टीकरण देणं, शाळेत मधल्या सुट्टीत त्याच्यावर लक्ष ठेवणं ही कामं नऊ वर्षांच्या मुलीची नाहीत. शाळाही पुष्कळदा सोयीचं म्हणून बहिणीला वर्गातून बोलावून घेते, ‘तुझं ऐकतो ना तो’. हे थांबवायला सांगा, लेखी सांगा. सीमा कुठे आहे हे ठरवायला मी पालकांना एकच प्रश्न विचारते: तिने ‘आज नाही’ म्हटलं तर काय होतं? काहीच होत नसेल तर ती मदत आहे. घरचं गाडं अडत असेल तर तुम्ही तिच्याकडून पालकाचं काम करून घेताय.

वेळ देण्याचा सल्ला सगळेच देतात, आणि तो ऐकून दमलेल्या आईला अपराधी वाटण्यापलीकडे काही होत नाही. मी तास मोजत नाही. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरतात, अट एवढीच की ती ठरलेली असावीत. मंगळवार म्हणजे मंगळवार. त्या वेळात भावाचा विषय तुम्ही काढायचा नाही, अभ्यासाचाही नाही. ती सांगेल ते करायचं, कंटाळवाणं असलं तरी. चांगलं वागली म्हणून जास्त आणि उद्धट बोलली म्हणून रद्द, असा व्यवहार त्यात आणू नका. रद्द करावंच लागलं तर ‘नंतर बघू’ म्हणू नका, दिवस सांगा. या मुलांनी ‘नंतर बघू’ इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक असतो. तिच्या शाळेतल्या कार्यक्रमाला दोघांपैकी एकाने एकट्याने जावं, भावाला न नेता. हे वाचून काही पालकांना वाटतं की आपण मुलाला वगळतोय. एखादी संध्याकाळ फक्त तिची असल्याने तो वगळला जात नाही.

मैत्रिणींना घरी बोलवायचं की नाही, त्यांना काय सांगायचं, हे तिला ठरवू द्या. तिला हवं असेल तर एक छोटं उत्तर तयार करून द्या: ‘त्याला ऑटिझम आहे, त्याला बोलायला वेळ लागतो, तो ठीक आहे.’ एवढं म्हणून विषय बदलायचा. तिला सांगायचंच नसेल तर तेही चालेल. ऑटिझमबद्दल जागृती करण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. दोन एप्रिलला जागतिक ऑटिझम दिनानिमित्त शाळेत बोलायला उभं करण्याचा मोह शाळेला होतो, पालकांनाही होतो. ती आपणहून म्हणाली तरच. किशोरवयात ही लाज आणखी वाढते आणि विशीत बहुतेकांची आपोआप ओसरते. त्या लाजेशी लढत बसू नका.

भावंडांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे खेळ, आणि तो इथे आपोआप घडत नाही. ती त्याला घर-घर खेळायला बोलावते, तो पाठ फिरवतो. असं दहा वेळा झालं की ती बोलवायचं सोडते आणि मनात नोंद करते, याला मी नकोच आहे. तिला सांगा की त्याने पाठ फिरवली म्हणजे तिला नाकारलं असं नाही. त्याला तो खेळ समजला नाही. त्याला काय आवडतं तिथून सुरुवात करा: चेंडू उतारावरून सोडणं, पाणी ओतणं, उड्या, झोका, ठोकळे रंगाप्रमाणे लावणं. बोलणं कमी, पाळी सोपी: एकदा तू, एकदा तो. त्याच्या समोर बसण्यापेक्षा शेजारी बसलं तर त्याला बरं पडतं. हाक मारून लगेच पुन्हा हाक न मारता मनात पाच आकडे मोजायचे. या छोट्या युक्त्या भावंडांना शिकवल्या तर खेळ वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र या खेळाची थेरपी करू नका. पाच-दहा मिनिटं, तिला मजा येतेय तोवर, आणि ‘आज किती शब्द बोलला?’ असा हिशेब तिला विचारायचा नाही. त्याची माया कशी दिसते हेही तिला ओळखायला मदत करा. तो मिठी मारत नाही, पण ती शाळेतून यायच्या वेळी दाराशी जाऊन उभा राहतो का? तिचीच ओढणी घेऊन झोपतो का? हे तिच्या नजरेतून सुटलेलं असू शकतं.

आता एक मुद्दा जरा बाजूचा, पण तज्ज्ञ म्हणून मला तो सोडता येत नाही. ऑटिझम असलेल्या मुलाच्या भावंडांमध्ये ऑटिझमचं प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त असतं. अशा धाकट्या भावंडांचा बाळपणापासून मागोवा घेणाऱ्या संशोधकांच्या गटाने २०११ साली हे प्रमाण १८.७ टक्के सांगितलं, आणि २०२४ सालच्या मोठ्या अभ्यासात ते २०.२ टक्के आलं. म्हणजे साधारण पाचात एक. आधीच्या दोन किंवा अधिक मुलांना ऑटिझम असेल तर ३७ टक्क्यांच्या आसपास. तुम्ही तिसऱ्या मुलाचा विचार करत असाल किंवा हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी धाकटं बाळ असेल, तर १८ आणि २४ महिन्यांच्या ऑटिझमसाठीच्या तपासण्या चुकवू नका, आणि त्याआधीही नजर देणं, नावाला प्रतिसाद, बोट दाखवणं याविषयी शंका आली तर थांबू नका. लशीने ऑटिझम होईल या भीतीपोटी धाकट्याच्या लशी टाळणारे पालक मला अजून भेटतात. २०१५ साली सुमारे ९५ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेली मुलंही होती. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने त्यांच्यातही धोका वाढलेला आढळला नाही. लस टाळून धाकट्याला गोवराचा धोका मात्र मिळतो.

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीविषयी असं काही सुचवण्यासारखं पत्रात नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की मुलींमधला ऑटिझम बऱ्याचदा उशिरा ओळखला जातो, कारण इतर मुलींकडे बघून तसं वागायला अनेक जणी शिकतात आणि घरी आल्यावर पार गळून जातात. ‘शहाणी, शांत, कुणात मिसळत नाही, पण त्रासही देत नाही’ या वर्णनामागे कधी भावाच्या आजूबाजूला वाढण्याचा ताण असतो, तर कधी तिचं स्वतःचं काहीतरी. मैत्री टिकवताना ती फार दमत असेल, आवाज-कपडे-वास यांचा तिलाही त्रास होत असेल, तर तिचीही तपासणी करून घ्या.

समुपदेशकाकडे न्यावं का? ही एक ओळ लिहिली म्हणून नको. वर लिहिलेलं महिना-दोन महिने करून पाहा. पण पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर न्या: शाळेच्या सकाळी रोज पोटदुखी, झोप मोडणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडून देणं, एक गुण गेला तरी ढसाढसा रडणं. स्वतःला इजा करण्याचं किंवा ‘मी नसते तर’ असं काही बोलली तर दोन आठवडेही थांबू नका. नेताना ‘भावाला समजून घ्यायला शिकशील’ असं सांगू नका. ‘तुझ्यासाठी एक जागा, जिथे तू आमच्याबद्दलही तक्रार करू शकतेस’ असं सांगा. आणि त्या खोलीत काय बोलणं झालं ते घरी आल्यावर विचारू नका.

शेवटचा विषय भविष्याचा. ‘आमच्यानंतर तुलाच बघायचंय’ हे वाक्य तिने अजून ऐकलं नसेल अशी आशा आहे, पण नातेवाइकांकडून ऐकलं असण्याची शक्यता बरीच आहे. तिला विचारा. ऐकलं असेल तर स्पष्ट करा की त्याची सोय करणं हे आईबाबांचं काम आहे आणि ते काम आम्ही करतोय. मग ते खरोखर करा. त्याच्या नावावर पैसे कसे राहतील, कायद्याने पालकत्व कुणाकडे जाईल, तो राहील कुठे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकाच माणसात शोधायची गरज नसते. पैसे एकाकडे, कायदेशीर निर्णय दुसऱ्याकडे, रोजची देखभाल पगारी माणसांकडे किंवा संस्थेत, आणि बहीण भेटायला येणारी बहीण, अशी मांडणी अनेक कुटुंबं करतात. हे ठरवायला वकील लागतो, तसाच त्याच्या सवयी, औषधं, काय केलं की तो शांत होतो, काय अजिबात करू नये, हे सगळं लिहिलेला एक कागदही लागतो. तो आजच सुरू करा, दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला नीट करा. ती सोळा-सतरा वर्षांची झाली की तिला तो दाखवा आणि विचारा, यातलं काही तुला करावंसं वाटतं का. तिने त्या वेळी नाही म्हटलं आणि पंचविशीत हो म्हटलं, किंवा उलटं झालं, तर दोन्हीसाठी कागदात जागा ठेवा.